सत्कार स्वयंसेवकांचा की पाहुण्यांचा? कार्यक्रम नीट पार पाडण्याची पद्धत

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. प्रमुख पाहुणे पावणेआठला आले. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, व्यासपीठावरच्या चौदा मान्यवरांना शाल-श्रीफळ आणि त्यांतल्या पाच जणांची मनोगतं. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्या आजी दुसऱ्या रांगेत बसून घड्याळ बघत होत्या. रात्री-अपरात्री वाडीतल्या बाळंतिणींसोबत दवाखान्यात जाणं हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. शेवटची एसटी साडेआठची होती. त्या उठून गेल्या आणि त्यांचं मानपत्र नातवाच्या हाती गेलं. सूत्रसंचालन मीच करत होतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

पुढे बरेच कार्यक्रम केले आणि पाहिले. चुका जवळपास सगळीकडे त्याच होतात आणि त्यांतल्या बहुतेक कार्यक्रमाच्या आधीच झालेल्या असतात. मंडळ, ग्रामपंचायत, सोसायटी, वाचनालय, कोणीही करत असलात तरी निदान सहा आठवडे आधी लागा. खालचा क्रम मोडू नका. हॉल आधी बुक करून मग माणसं शोधायची, ही पहिली चूक.

टप्पा १ : नावं शोधा (सहा आठवडे आधी)

नावं बैठकीत सुचवायला सांगितली की बैठकीला आलेल्यांचीच नावं येतात. फार तर व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो टाकणाऱ्यांची. म्हणून दोघा-तिघांना वहीपेन देऊन बाहेर पाठवा. विचारायचं कोणाला? ग्रामीण रुग्णालयातल्या वॉर्डबॉयला, स्मशानभूमीच्या राखणदाराला, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना, रक्तपेढीतल्या कर्मचाऱ्यांना. प्रश्न एकच ठेवा : "रात्री दोनला अडचण आली तर तुम्ही कोणाला फोन लावता?" चार वेगवेगळ्या ठिकाणी तेच नाव आलं की ते वहीत वर घ्या.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा : काम नेमकं काय, कधीपासून, आणि हे सांगणारे दोन जण कोण. ते दोघे नातेवाईक नसावेत आणि तुमच्या समितीतलेही नसावेत. पैशांचा काही वाद चालू आहे का, याची याच वेळी गुपचूप चौकशी करा. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही.

यादीत घालू नयेत असे :

- आयोजन समितीतली माणसं आणि त्यांचे घरचे. काम कितीही चांगलं असलं तरी यंदा नाही.
- देणगीदार. त्यांचे आभार मानायचे, पण त्यासाठी वेगळी जागा आहे. पैसे देणारा आणि रात्री जागणारा एकाच रांगेत बसवला की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.
- "दरवर्षी असतातच" अशी नावं.

आशाताईंबद्दल एक वेगळा शब्द. सरकारी भाषेत त्या 'आशा स्वयंसेविका' आहेत. पण मानधन थकलेल्या बाईला शाल पांघरून "निःस्वार्थ सेवा" म्हणणं हे तिच्या जखमेवर मीठ आहे. सत्कार जरूर करा, पण 'निःस्वार्थ' हा शब्द त्या मानपत्रातून काढा आणि नेमून दिलेल्या कामापलीकडे तिने काय केलं ते लिहा.

*तपासून घ्या :* यादीत बायका किती आहेत? सगळी नावं एकाच आळीतली, एकाच वॉर्डातली तर नाहीत ना? असतील तर वही घेऊन पुन्हा बाहेर पडा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत कोणी काम करत नाही असं नसतं, तिथे विचारायला कोणी गेलेलं नसतं.

टप्पा २ : आकडा ठरवा

एका माणसाचा सत्कार किती वेळ खातो ते घड्याळ लावून बघा. नाव पुकारलं की तो उठतो, चपला काढतो, पायऱ्या चढतो : ३० ते ४० सेकंद. कामाविषयी चार वाक्यं वाचायला एक मिनिट. शाल, श्रीफळ, मानपत्र : पाऊण मिनिट. फोटो, नमस्कार, खाली उतरणं : आणखी पाऊण मिनिट. टाळ्या धरून साडेतीन मिनिटं झाली. आठ जणांना २८ मिनिटं, चाळीस जणांना दोन तास वीस मिनिटं.

म्हणून आठ, फार तर दहा. "कोणी नाराज नको" म्हणून यादी चाळीसवर गेली की मानपत्राचं वाचन गळतं, नुसती नावं पुकारली जातात, दोघे चढताहेत तोवर तिघे उतरताहेत अशी रांग लागते, आणि सत्काराचं रेशन दुकान होतं. उरलेली नावं वहीत तारखेसह ठेवा, पुढच्या वर्षी त्या पानापासून सुरुवात करा. पूर, साथ किंवा मोठा अपघात अशा प्रसंगी पन्नास-साठ जण एकत्र राबले असतील, तर व्यक्तींचा सत्कार न करता गटाचा करा : सगळ्यांना उभं करून एकच मानपत्र, त्यात सगळ्यांची नावं, आणि प्रत्येकाला त्याची छापील प्रत.

टप्पा ३ : घरी जाऊन विचारा

सगळ्यांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. आपल्याकडे गृहीत धरतात की सत्काराला कोण नाही म्हणेल? पुष्कळ जण म्हणतात. आणि ज्यांना मनातून नको असतं ते "बघू" म्हणतात, मग त्या दिवशी गावाला जातात. 'सरप्राइज' तर अजिबात नको.

दोघांनी जा, त्यातला एक त्यांच्या ओळखीचा असू द्या. त्यांनी नकार दिला तर एकदा कारण विचारा, दुसऱ्यांदा आग्रह नको. त्यापेक्षा त्यांच्या कामाला काय कमी पडतंय ते विचारा. रुग्णवाहिकेचा टायर, स्मशानभूमीतला दिवा, सर्पमित्राची पकडायची काठी. शालीच्या खर्चात ते बसत असेल तर तेच करा.

होकार मिळाला की वहीत हे लिहून घ्या :

१. नाव कसं छापायचं आणि कसं उच्चारायचं. वडिलांचं लावायचं की आईचं, नवऱ्याचं लावायचं की नुसतं स्वतःचं, हे तेच ठरवतील. 'सौ.' आणि 'श्रीमती' तर विचारल्याशिवाय लावूच नका. कित्येक घरांत 'श्रीमती' विधवेलाच लावतात आणि सधवेच्या नावापुढे ते छापलं की चेहरे उतरतात. सर्वांत सोपं म्हणजे कोणालाच काही न लावणं. पूर्ण नाव पुरे.

२. पायऱ्या चढता येतात का? सोबत कोण येणार? परत कसे जाणार, शेवटची गाडी किती वाजता?

३. त्या दिवसाचा रोज बुडणार का? मजुरीवर जाणाऱ्या माणसाला दुपारी तीनला बोलावून रात्री नऊला सोडणं म्हणजे त्याच्याच खिशातून सत्कार करणं. कार्यक्रम त्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या.

४. काय सांगायचं नाही. हे महत्त्वाचं आहे. कोणाला क्षयरोग्यांच्या घरी औषधं पोचवायची असतात, कोणी नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बाईला आसरा दिलेला असतो. ज्यांना मदत झाली त्यांचं नाव, गाव, आजार मंचावरून निघता कामा नये. "आज त्या ताई आपल्यात बसल्या आहेत, त्यांनी जरा हात वर करावा" असं म्हणणारे निवेदक मी ऐकले आहेत.

५. हळदीकुंकू, ओटी, औक्षण चालेल का? खरं तर हा प्रश्नच पडू नये अशी व्यवस्था करा : सगळ्यांना सारखं. एका बाईची ओटी भरायची आणि शेजारच्या विधवा बाईला नुसतं गुलाबाचं फूल द्यायचं, हे भर मंचावर घडलेलं पाहणाऱ्यांना पुढचं काही आठवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या गावाने केला नसेल तरी मंच तुमचाच आहे.

*सावधान :* सर्पमित्राला "येताना एखादा साप घेऊन या, पोरांना दाखवू" असं सांगू नका. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. टाळ्यांच्या नादात गुन्हा त्याच्यावर दाखल होईल.

टप्पा ४ : तारीख, जागा, परवानगी

आता कुठे तारीख. आठवडी बाजाराचा दिवस, गावची जत्रा, लग्नाची दाट तिथी, सोयाबीन काढणी किंवा भात लावणी, दहावी-बारावीची परीक्षा, हे सगळं टाळा. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे आणि हवाही बरी असते. पण त्या दिवसाचा हट्ट धरून रोज बुडवण्यापेक्षा जवळचा रविवार बरा. ग्रामपंचायतीचा कार्यक्रम असेल तर २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर लगेच घ्या, लोक आधीच जमलेले असतात.

निवडणुका तोंडावर असतील तर आचारसंहितेची चौकशी आधी करा. ती लागली की पुढाऱ्यांच्या नावांची पत्रिका, फ्लेक्स आणि सरकारी सभागृह, तिन्ही अडचणीत येतात.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी काढा. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते. तुमचा कार्यक्रम दहापर्यंत चालत असेल तर अडचण परवानगीची नाही, टप्पा आठमधली आहे. सजावटीत थर्माकोल नको, महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे.

टप्पा ५ : मानपत्र लिहा

शाल कपाटात जाते, नारळाची बर्फी होते, मानपत्र भिंतीवर राहतं. तरी आपण सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतो. आदल्या रात्री डीटीपीवाल्याकडचा जुना मजकूर काढायचा, नाव बदलायचं आणि आठ जणांना एकच मानपत्र. तो मजकूर तुम्हाला पाठ असेल :

"आपण समाजातील दीनदुबळ्यांसाठी अहोरात्र झटून आपल्या कर्तृत्वाचा अमीट ठसा उमटविला आहे. आपल्या उत्तुंग कार्यास मानाचा मुजरा!"

हे कोणालाही लागू पडतं, म्हणून कोणालाच लागू पडत नाही. वहीतली माहिती घ्या आणि असं काहीतरी लिहा :

"गेली अकरा वर्षे दर गुरुवारी सकाळी आठला तुम्ही ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभे असता. केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठे, गोळ्या कुठे मिळतात हे वाडीवस्तीवरच्या माणसांना हाताला धरून दाखवता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या तुम्ही वाचल्या. गाव तुमचं ऋणी आहे."

साठ ते ऐंशी शब्द पुरतात. त्यात किमान एक आकडा, एक ठिकाण आणि एक प्रत्यक्ष केलेली गोष्ट असलीच पाहिजे. विशेषणं दोनाहून जास्त झाली की खोडा. लिहिलेलं त्यांच्या घरच्या कोणाला तरी वाचून दाखवा. "अकरा नव्हे, नऊ वर्षं झाली" असं तिथेच कळतं.

*सावधान :* व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. 'सूर्यवंशी'चं काहीही होऊ शकतं. म्हणून कागदावर काढलेलं प्रूफ मागा आणि एकाने मोठ्याने वाचत दुसऱ्याने तपासा. मोबाईलच्या पडद्यावर बघून "ओके" कळवायचं नाही. मानचिन्हावर कोरायच्या नावांनाही हेच लागू, तिथे तर खोडरबरही चालत नाही.

टप्पा ६ : वस्तू

इथे फार डोकं घालवू नका. शाल खरोखर पांघरता येईल अशी घ्या, जरीकाठाची गुळगुळीत पॉलिस्टरची शाल पुढच्या सत्काराला फिरते. फेटे बांधायचे तर सगळ्यांना, बायकांनाही, आणि अर्धा तास आधी, मंचामागे. मंचावर फेटा बांधत बसलात तर तेवढा वेळ निवेदकाला शेरोशायरी करावी लागते.

मानपत्राला काचेची फ्रेम नको. ती जड असते आणि एसटीत फुटते. शाल, नारळ, मानचिन्ह, मानपत्र आणि हार एवढं सगळं घेऊन म्हातारं माणूस स्टँडवर कसं जाणार? प्रत्येकासाठी एक मजबूत कापडी पिशवी तयार ठेवा.

रोख रक्कम द्यायची असेल तर बंद पाकिटात द्या किंवा बँकेत जमा करा. रक्कम मंचावरून पुकारायची असल्यास त्यांना आधी विचारा. धनादेश असेल तर नाव पासबुकावर असतं तसंच लिहा, मानपत्रावरचं नाव वेगळं असू शकतं. पुठ्ठ्याचा मोठा धनादेश फोटोपुरता असतो, खरा त्याच दिवशी हातात पडलाच पाहिजे.

टप्पा ७ : पत्रिका आणि फ्लेक्स

नियम एकच. सत्कारमूर्तींची नावं वर आणि मोठी, पाहुण्यांची खाली, समितीची सर्वांत खाली आणि लहान. फ्लेक्सवर फोटो फक्त सत्कारमूर्तींचे. यावरून भांडण होणार हे गृहीत धरा आणि ते पहिल्याच बैठकीत उरकून घ्या. छापून आल्यावर झालेलं भांडण महाग पडतं.

पाहुणा एकच बोलवा. वेळेवर येणारा आणि पंधरा मिनिटांत थांबणारा. त्याला आठही जणांच्या कामाचा एक कागद आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे तो स्वतःच्या कामाबद्दल बोलणार नाही. निदान कमी बोलेल.

टप्पा ८ : मंचावरचा क्रम

नेहमीचा क्रम उलटा करा. आठ सत्कारमूर्ती धरले तर वेळापत्रक असं बसतं :

- ५.४५ : सत्कारमूर्ती मंचावर बसलेले. पाहुणा आणि अध्यक्ष त्यांच्यासोबत, बाकी सगळे खाली.
- ६.०० : दीपप्रज्वलन, सत्कारमूर्तींच्या हस्ते.
- ६.०५ : प्रास्ताविक, पाच मिनिटं, लिहून आणलेलं.
- ६.१० : सत्कार.
- ६.४० : दोन सत्कारमूर्तींचं मनोगत. कोण बोलणार हे आधी विचारलेलं. ऐनवेळी माईक पुढे केला की भलेभले गोठतात.
- ६.५० : पाहुण्याचं भाषण.
- ७.०५ : पाहुण्याला एक पुस्तक. पाहुण्यांच्या सत्काराला दोन मिनिटं, एवढीच.
- ७.०७ : आभार, मग राष्ट्रगीत किंवा पसायदान.

पाहुणा सहाला आला नाही तर? सुरू करा. शाल द्यायला गावातला ज्येष्ठ माणूस किंवा शाळेच्या जुन्या बाई तयार ठेवा, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असू द्या. पाहुणा मधे आला तर निवेदकाने चालू मानपत्र थांबवायचं नाही. पाहुण्याने गुपचूप येऊन बसायचं. हे त्याच्या सोबतच्या माणसाला फाटकावरच सांगणारा एक कार्यकर्ता तिथे हवा.

सत्काराच्या वेळी आधी मानपत्राचं वाचन, तोवर माणूस खुर्चीतच बसलेला. वयस्कर माणसाला दोन मिनिटं उभं ठेवून स्तुती ऐकवू नये. मग शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो. तबकं आधीच भरून क्रमाने लावलेली आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मानचिन्हांच्या मागे अंक चिकटवा, कारण पाठमोरी सगळी सारखीच दिसतात. तबक आणायला दोघं, रिकामं न्यायला एक. फोटोग्राफरची जागा आधी ठरवा आणि फोटोत सत्कारमूर्ती मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. तिसरा घुसला की निवेदकाने थांबायचं. लाजतील.

*तपासून घ्या (दुपारी चारला) :* पायऱ्यांना धरायला काही आहे का? माईकची बॅटरी? निवेदकाने आठही नावं मोठ्याने वाचली का? चपला काढायची जागा मंचाच्या ज्या बाजूने उतरायचं त्याच बाजूला आहे का? एका काकांना मी सत्कारानंतर अनवाणी चपला शोधत मांडवभर फिरताना पाहिलं आहे, खांद्यावर शाल, हातात नारळ.

टप्पा ९ : दुसऱ्या दिवसापासून

फोटो आठ दिवसांत घरी पोचवा, छापून. सगळ्यांकडे मोठा फोन नसतो. जमाखर्च वाचनालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. शाली उरल्या असतील तर तेही लिहा.

आणि तुमच्याजवळ आता पडताळलेली माहिती आहे, ती वाया घालवू नका. सरकारी सन्मानांसाठी याच वहीतून अर्ज होतो :

- पद्म पुरस्कार : कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन शिफारस करू शकतो, पुढाऱ्याचं पत्र लागत नाही. कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत. मुदत दरवर्षी जाहीर होते. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ती १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर नोकरीत असलेले सरकारी कर्मचारी पात्र नसतात. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा "आपल्या गावातल्या बाईला कोण विचारतं" हे कारण आता चालायचं नाही.
- जीवन रक्षा पदक : बुडणाऱ्याला, आगीत किंवा विजेच्या तारेत सापडलेल्याला जीव धोक्यात घालून वाचवलं असेल तर. प्रस्ताव जिल्हा प्रशासनामार्फत राज्य सरकारकडून जातो. घटना जुनी होऊ देऊ नका, साधारण दोन वर्षांच्या आतली लागते. पंचनामा, दवाखान्याचे कागद, साक्षीदारांचे जबाब लगेच गोळा करा.
- राह-वीर योजना : रस्त्यावरच्या गंभीर अपघातातल्या जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारचे २५,००० रुपये. पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात त्याच्या नावाची नोंद झाली आहे का ते बघा.
- पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार : महिला आणि बालकांसाठी काम करणाऱ्या स्त्रियांना ग्रामपंचायत पातळीवर, ३१ मेच्या सुमारास. नावं आधीच ग्रामसेवकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

अर्ज भरण्याआधी पुन्हा त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, टप्पा तीनसारखंच. सत्काराला हो म्हणणारा माणूस दिल्लीच्या अर्जाला नाही म्हणू शकतो.